सीडीत अडकलेला तालुका

आज राजकारणावर लिहीत नाही. नळाच्या पाण्यावर नाही, रस्त्यावरच्या खड्ड्यांवर नाही. आज फायलींवर लिहितोय. कॉम्प्युटरच्या फायलींवर. विषय कोरडा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. कारण यात तुमच्या जमिनीचा, तुमच्या आजोबांचा आणि आपल्या तालुक्याच्या पंधरा-सतरा वर्षांचा प्रश्न आहे.

साधारण १९९५ ते २०१२ हा काळ डोळ्यासमोर आणा. त्या काळात आपल्याकडे निघालेली साप्ताहिकं, दिवाळी अंक, पतसंस्थांचे अहवाल, शाळा-कॉलेजच्या स्मरणिका, निवडणुकीची पत्रकं, सगळं डीटीपीवर तयार झालं. त्याआधीचं खिळे जुळवून छापलेलं, ते कागदावर आहे. त्यानंतरचं थोडंफार इंटरनेटवर सापडतं. मधलं मात्र ना धड कागदावर राहिलं, ना इंटरनेटवर आलं. कागदाचे गठ्ठे वाळवीनं खाल्ले. फायली सीडीत, जुन्या हार्ड डिस्कमध्ये, कुणाच्या तरी माळ्यावर पडल्यात. त्या उघडत नाहीत, आणि उघडल्या तरी वाचता येत नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. हे सगळं वाचण्याजोगं करता येतं, आणि तेही फार पैसे न घालवता. पण एकेक पान घेऊन बसलं तर जन्म पुरणार नाही. ते एकगठ्ठा करायला हवं, ठरावीक क्रमानं करायला हवं आणि शेवटी माणसानं तपासायला हवं. आणि दुसरं, स्कॅन करून पीडीएफ बनवली की झालं डिजिटायझेशन, हा जो समज सरकारी कार्यालयांपासून वाचनालयांपर्यंत पसरलाय, तो मोडायला हवा.

आधी एक अनुभव सांगतो. गेल्या वर्षी एक ताई माझ्याकडे आल्या. वडिलांच्या जमिनीचा वाद. समोरचा म्हणतोय, खरेदीच्या आधी पेपरात जाहीर नोटीस दिली होती, पंधरा दिवसांत कुणी हरकत घेतली नाही. ताई म्हणतात, अशी नोटीस आलीच नव्हती. साल २००३. ज्या साप्ताहिकाचं नाव सांगितलं जात होतं, तिथं मी तेव्हा काम करत होतो. ते साप्ताहिक कधीच बंद पडलंय. मालकाच्या घरी अंकांच्या फायली होत्या, त्यातली २००३ची वाळवीनं संपवलेली. सीडी मात्र सापडली.

सीडी चालली, हे नशीब. पण आत सगळ्या पेजमेकरच्या फायली. आजच्या कॉम्प्युटरवर पेजमेकर कुठाय? एका मित्राच्या प्रेसमध्ये जुना डबा होता, त्यावर उघडल्या. तर पानभर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, कारण त्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता. फॉन्ट शोधला, टाकला, आणि मग कुठे मराठी दिसायला लागलं. त्या तीन महिन्यांचे तेरा अंक एकेक करून डोळ्यांनी वाचले. पूर्ण दिवस गेला. निकाल कुणाच्या बाजूनं लागला ते इथं महत्त्वाचं नाही. एका नोटिशीसाठी एक दिवस, हे महत्त्वाचं. आणि ताईंच्या ओळखीत जुना डीटीपीवाला नसता तर तेवढंही झालं नसतं.

असं का होतं, हे समजून घेऊ. तांत्रिक आहे, पण सोपं आहे.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. जुन्या काळात त्याच्याकडे इंग्रजी अक्षरांपुरतेच आकडे होते. मग आपल्या लोकांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलं. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला, तर कॉम्प्युटरच्या लेखी तो ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच एवढाच आहे. पडद्यावर मराठी, पोटात इंग्रजी. फॉन्ट काढून घेतला की मुखवटा गळून पडतो आणि खालचं इंग्रजी उघडं होतं.

बरं, प्रत्येकाची युक्ती वेगळी. श्रीलिपीची मांडणी निराळी, सीडॅकच्या आयएसएममधल्या ‘सुरेख’, ‘योगेश’ या फॉन्टची निराळी, कृतिदेवची निराळी. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचं एक प्रमाणक १९९१ साली आलं होतं. पण छपाईच्या धंद्यात ज्यानं त्यानं आपापलाच नकाशा चालवला.

युनिकोडनं हा घोळ संपवला. त्यात ‘क’ला स्वतःचा आकडा आहे, जगभर तोच. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, त्यातही देवनागरी होती. पण विंडोजमध्ये देवनागरी आली ती विंडोज २००० पासून. आणि पेजमेकरनं तर युनिकोड कधी स्वीकारलंच नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली आली आणि २००४ मध्ये ॲडोबीनं त्यावरचं काम थांबवलं. आपल्या प्रेसमध्ये मात्र ते पुढं कित्येक वर्षं चाललं. मशीन चालतंय, ऑपरेटरचा हात बसलाय, कशाला बदलायचं? त्यांनाही दोष देत नाही. आठवड्याचा अंक वेळेत काढायचा असतो तेव्हा पंचवीस वर्षांनंतरचा विचार कोण करतो?

आता मुद्दा. हे बदलायचं कसं?

सध्या लोक काय करतात, तर एक फाईल उघडतात, मजकूर कॉपी करतात, इंटरनेटवरच्या एखाद्या कन्व्हर्टरमध्ये टाकतात, जे येईल ते वर्डमध्ये चिकटवतात. एका पानाला वीस मिनिटं धरा. चार पानी साप्ताहिक, वर्षाला ५२ अंक, म्हणजे २०८ पानं. पंधरा वर्षांची ३,१२० पानं. वीस मिनिटांनी गुणा, १,०४० तास होतात. रोज आठ तास, सुट्टी न घेता बसलं तरी १३० दिवस. हे फक्त एका साप्ताहिकाचं. मी बाहेर चौकशी केली तर एकानं पानाला तीस रुपये सांगितले. म्हणजे ९३,६०० रुपये. बंद पडलेल्या साप्ताहिकासाठी एवढे पैसे कोण देणार?

पण हे काम मुळात माणसाचं नाहीच. एका नकाशातून दुसऱ्या नकाशात आकडे बदलणं हे मशीनचं काम. एकदा त्याला नीट शिकवलं की ते तीन पानं करतं तसंच तीन हजार करतं. रात्री लावून झोपायचं, सकाळी बघायचं. लिबरऑफिस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर एका आज्ञेत फोल्डरभर फायली एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेतं. पेजमेकरच्या फायलीही ते बऱ्यापैकी उघडतं, जे इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्या करत नाहीत. फोटोंसाठी इमेजमॅजिक आहे, केबलच्या बातम्यांच्या जुन्या व्हीसीडींसाठी एफएफएमपेग आहे. सगळी फुकट. पायथन येणारा एखादा कॉलेजचा पोरगा किंवा पोरगी फॉन्टच्या नकाशाचा प्रोग्राम काही दिवसांत लिहून देईल.

मग अडतं कुठं? क्रमात. घाई केली की वाट लागते. मी हे थोडंफार करून पाहिलंय, त्यावरून सांगतो.

पहिलं, मूळ फायलींना हात लावायचा नाही. सीडीवरचं सगळं जसंच्या तसं हार्ड डिस्कवर उतरवायचं, दोन ठिकाणी. जे बदलायचं ते तिसऱ्या प्रतीवर. सीडी खराब होत चालल्यात. बदल उद्या केला तरी चालेल, उतरवून घेणं आज व्हायला हवं.

दुसरं, वर्गवारी. कुठली फाईल कुठल्या प्रकारची, कुठल्या फॉन्टमधली, याची यादी. श्रीलिपीच्या फायलींना कृतिदेवचा नकाशा लावला तर जे निघेल ते ब्रह्मदेवालाही वाचता येणार नाही. नावंही त्याच वेळी सुधारायची. ‘पान १ नवीन फायनल’, ‘पान १ एकदम फायनल’ अशी नावं सगळ्या प्रेसमध्ये असतात. त्याऐवजी आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग पान. पुढचं निम्मं काम तिथंच हलकं होतं.

तिसरं, नुसता मजकूर काढायचा नाही, फॉन्टच्या नावासकट काढायचा. ही बारीक गोष्ट आहे, पण तिच्यावाचून सगळं फसतं. बातमीत मध्येच एखादं नाव खऱ्या इंग्रजीत असतं. फॉन्टची खूण हरवली की मशीन त्या इंग्रजीलाही मराठी समजून बदलून टाकतं. आरटीएफ प्रकारात काढलं तर कुठला तुकडा कुठल्या फॉन्टचा, हे सोबत राहतं.

चौथं, आधी वीसच पानं. वेगवेगळ्या वर्षांची, वेगवेगळ्या प्रकारची. बातमी, जाहिरात, नोटीस, तक्ता. चुका तिथंच कळतात. ऱ्हस्व वेलांटी बघा. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये अक्षराच्या नंतर येते. रफार उलटा. तो जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. हा क्रम प्रोग्रामनं फिरवला नाही तर ‘धर्म’ आणि ‘किती’ दोन्ही मोडतात.

आणि आपला खास मराठी त्रास म्हणजे ‘शेतकऱ्यांना’. हिंदीसाठी बनवलेले बरेच कन्व्हर्टर त्याचं ‘शेतकर्यांना’ करतात. बघताना चालून जातं, पण उद्या कुणी ‘शेतकऱ्यांना’ असं शोधलं तर ती बातमी सापडणार नाही. दुष्काळावरच्या वीस वर्षांच्या बातम्यांत शेतकरीच सापडला नाही तर उपयोग काय? तसंच ‘ॲडव्होकेट’मधल्या ‘ॲ’चं. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधी तो ‘अ’वर अर्धचंद्र जोडून लिहायचे. दिसायला एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळे. एकच पद्धत ठरवून सगळीकडे तीच लावायला हवी.

पाचवं, एकगठ्ठा बदल. तेव्हा मशीनला सांगायचं, जी फाईल जमली नाही तिची यादी ठेव, थांबू नकोस. नाहीतर सतराव्या फाईलवर अडकून रात्रभर गप्प बसतं आणि सकाळी आपण कपाळाला हात लावतो.

आणि सहावं, सगळ्यात महत्त्वाचं. चावडी वाचन. २०१७ साली ऑनलाइन सातबाऱ्याचं चावडी वाचन झालं ते आठवत असेल. कॉम्प्युटरवरचा सातबारा गावासमोर वाचायचा आणि चुका काढायच्या. त्यात किती काय निघालं ते तलाठ्याला विचारा. तेच इथं करायचं. सगळी पानं वाचणं शक्य नाही, पण विसात एक वाचा. ३,१२० पानांतली १५६. एका पानाला पंधरा मिनिटं दिली तरी ३९ तास. चार जणांनी वाटून घेतलं तर प्रत्येकाला दहा तासही नाहीत. आकडे, गट नंबर, नावं आणि तारखा मूळ पानाशी ताडून बघायच्या. एखाद्या वर्षात चुका जास्त निघाल्या तर त्या वर्षाचा नकाशा दुरुस्त करून ते पुन्हा चालवायचं. मूळ प्रत हातात आहे, मग भीती कसली?

कुठं १३० दिवस आणि कुठं हे.

आता काही जण म्हणतील, अहो, एवढं कशाला? एआय आलंय. फोटो काढा, तो वाचून देतो. खरंय, छापील कागदासाठी ते वरदान आहे. टेसरॅक्टसारखा फुकट प्रोग्रामसुद्धा छापलेलं मराठी वाचतो. ज्या अंकांचा फक्त कागद उरलाय तिथं तेच वापरायचं. पण जिथं मूळ फाईल आहे तिथं चित्र बघून अंदाज का बांधायचा? नकाशानं केलेला बदल ठरलेला असतो. चूक झाली तर सगळीकडे सारखी होते, एका फटक्यात दुरुस्त होते. चित्र वाचणारा अंदाज लावतो. ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’, १चा ९. कवितेत चालेल. जमिनीच्या नोटिशीत गट नंबर १४१चा १४९ झाला तर? आणि अक्षर पुसट असेल तर एआय गप्प बसत नाही, शोभेल असं काहीतरी भरून देतो. हे जास्त घातक.

दुसरे म्हणतील, पीडीएफ आहेत ना आमच्याकडे. असू द्या, चांगलंच आहे, पान कसं दिसत होतं ते कळतं. पण एक प्रयोग करा. त्या पीडीएफमध्ये तुमच्या गावाचं नाव शोधा. जुन्या फॉन्टची पीडीएफ असेल तर सापडणार नाही. एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवा, खिचडी येईल. नुसतं स्कॅन असेल तर कॉपीच होणार नाही. म्हणजे कपाटातला गठ्ठा उचलून कॉम्प्युटरमध्ये ठेवला, एवढंच झालं. पीडीएफ ठेवा, पण शेजारी युनिकोडमधला मजकूरही हवा. आपल्या जिल्ह्यातल्या एका कार्यालयातलं स्कॅनिंगचं काम मी जवळून पाहिलं. पानांवर बिल निघालं. शोधता येतं का, हे कुणी तपासलंच नाही. सार्वजनिक पैशातून असं काम निघेल तेव्हा निविदेतच अट हवी. शोधता येणारा युनिकोड मजकूर द्या, नमुना तपासणीत पास व्हा, मग बिल.

तिसरा प्रश्न सगळ्यात टोचणारा. कोण वाचणार आहे जुनं?

ऐका. १९९८ साली मराठवाडा मुक्तिसंग्रामाला पन्नास वर्षं झाली. त्या निमित्तानं स्थानिक अंकांत आपल्या भागातल्या म्हाताऱ्या स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलाखती आल्या. कुणी रझाकारांच्या वेळी घर सोडून कॅम्पात गेलेलं, कुणी निरोप पोचवणारं. त्यांचे फोटो पुस्तकांत नाहीत, चौकात पुतळे नाहीत. ती माणसं आता राहिली नाहीत. आपल्या भाषेत, आपल्या गावाच्या नावासकट त्यांनी जे सांगितलं ते त्या फायलींत आहे. आणखी काय आहे? १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर वर्षानुवर्षं चाललेल्या पुनर्वसनाच्या बातम्या आहेत. कुठल्या साली कुठल्या गावात टँकर लागले ते आहे. कुठल्या पुढाऱ्यानं कुठल्या तलावाचं भूमिपूजन किती वेळा केलं, तेही आहे. शेवटचं वाचायला तर मला फारच आवडेल.

आज पोरं काहीही हवं असलं की मोबाइलला विचारतात. मोबाइलला आपला २००१चा तालुका माहीत नाही, कारण तो युनिकोडमध्ये कुठं लिहिलेलाच नाही. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. वाटायलाच हवे होते. पण दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख वाचणारी भाषा स्वतःचा वीस वर्षांपूर्वीचा पेपर वाचू शकत नसेल, तर पेढ्यासोबत थोडी लाजही वाटली पाहिजे.

हक्काचं कुणी विचारेल म्हणून सांगतो, अंक ज्याचा हक्क त्याचाच राहील. त्याच्या लेखी परवानगीशिवाय काही इंटरनेटवर जाणार नाही. आधी फक्त वाचवून ठेवू. एक प्रत मालकाकडे, एक वाचनालयात.

तर माझा प्रस्ताव असा. दरवर्षी ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन साजरा करतो. १८३२ साली त्या तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं म्हणून. आपण काय करतो? हार, शाल, नारळ, भाषण, नाश्ता. यंदा शाली नकोत. त्या पैशातून दोन हार्ड डिस्क आणि एक बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह घेऊ. जुने मालक, संपादक, डीटीपी ऑपरेटर, प्रेसवाले, शाळांचे मुख्याध्यापक, ज्याच्याकडे जे आहे ते घेऊन या. त्या दिवशी फक्त उतरवून घेऊ आणि यादी करू. बदलाचं काम कॉम्प्युटरच्या दोन-चार विद्यार्थ्यांना मानधन देऊन करू. चावडी वाचनाला आपण सगळे बसू.

जुन्या डीटीपी ऑपरेटर मित्रांना खास विनंती. कुठल्या वर्षी कुठला फॉन्ट वापरला, हे फक्त तुमच्या डोक्यात आहे. तुमच्या माळ्यावर फॉन्टची जुनी सीडी असेल, प्रिंटरच्या पोर्टला लावायचं ते लॉक असेल, तर भंगारात देऊ नका. आपल्या तालुक्याची किल्ली आहे ती.

कुणाकडे काय आहे, ते खाली कमेंटमध्ये लिहा. अंकाचं नाव, साल आणि कशावर आहे, सीडी की हार्ड डिस्क, एवढंच पुरे. यादी तिथूनच सुरू करू.